जुना मलेरिया की जुना जंत?

जपान्यांनी १९४२-४३ मध्ये थायलंड ते ब्रह्मदेश हा ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. सुमारे ६० हजार ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच आणि अमेरिकन कैदी तिथे राबले, १२ हजारांहून अधिक दगावले. (आशियाई मजूर याच्या कितीतरी पट मेले, मलायातल्या मळ्यांवरचे तमिळही त्यांत होते.) जे वाचले त्यांना पुढे काही झालं की ‘जंगलातलं जुनं दुखणं उसळलं’ म्हणणं सोपं. पण उसळणारी दुखणी दोन होती, आणि त्यांची जात वेगळी.

पहिलं म्हणजे व्हायवॅक्स मलेरिया. क्विनाइन हे औषध रक्तातले जंतू मारतं, यकृतात दडून बसलेल्यांना हात लावत नाही. म्हणून घरी परतल्यावरही हुडहुडी भरून ताप येई. मात्र काही वर्षांत हा मलेरिया बहुधा आपोआप संपतो.

दुसरं संपत नाही. स्ट्रॉन्गिलॉइड्स हा बारीक जंत. मैल्याने घाण झालेल्या चिखलात अनवाणी चालताना त्याच्या अळ्या कातडीतून शिरतात. बहुतेक जंतांची संख्या पोटातल्या पोटात वाढत नाही, याची वाढते. आतड्यातच अळ्या तयार होतात, तिथूनच पुन्हा शरीरात घुसतात, आणि चक्र चाळीस-चाळीस वर्षं चालू राहतं. लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेने तपासलेल्या माजी कैद्यांपैकी सुमारे १२ टक्क्यांमध्ये तो सापडला.

या जंताची खूण म्हणजे ताप नाही. कंबरेवर, मांडीवर किंवा पोटावर एक लाल, खाजरी रेघ उठते, तासाला काही सेंटिमीटर पुढे सरकते आणि विरते. डॉक्टरांकडे जाईपर्यंत दाखवायला काही उरत नाही! शौचाच्या एका तपासणीत जंत अनेकदा निसटतो. रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या तर संशय घ्यायचा आणि अँटिबॉडीची तपासणी करायची.

हा फरक जिवावर बेतू शकतो. म्हातारपणी दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड सुरू झालं की प्रतिकारशक्ती खचते, अळ्या फुप्फुसांत, कधी मेंदूपर्यंत पसरतात, सोबत आतड्यातले जिवाणू नेतात. अशा वेळी रुग्ण वाचणं कठीण. मलेरिया समजून प्रिमाक्विन हे त्याचं औषध दिलं तर या जंताला काही होत नाही. त्याला आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक लागतं, तेही स्टेरॉइडच्या आधी. कोविडच्या साथीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा वापर वाढला तेव्हा तज्ज्ञांना नेमकी हीच काळजी पुन्हा लागली होती, आणि आपल्याकडे तर हा जंत आजही मातीत आहे.