किळस आधी, कारण मागून

बडोद्यातल्या काही मराठी घरांत आजही कामवाल्या मावशींचा चहाचा कप वेगळा असतो. का, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘स्वच्छता म्हणून.’ पण घरातले सगळे कप त्याच घासतात! हे दाखवून दिलं की दुसरं कारण निघतं, मग तिसरं. कारणं संपतात, कप वेगळाच राहतो.

जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञाने २००१ साली नेमकं हेच मांडलं. बरं-वाईट मनात आधीच ठरतं. बुद्धी नंतर वकिलासारखी बाजू लढवते. त्याआधी, १९८६ मध्ये, पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ रसात बुडवून काढलं. जंतू नाहीत हे सांगूनही लोकांना तो रस नकोसा झाला. किळस ही रोगांपासून वाचवणारी भावना, आणि तिच्या लेखी एकदा शिवलेलं कायमचं शिवलेलं. सोवळं पाळणाऱ्या आजीने हे प्रयोगाशिवाय सांगितलं असतं.

झुरळाचं ठीक आहे. माणसांपैकी कोणाची किळस करायची, हे मात्र जंतू ठरवत नाहीत. ते ठरवतो समाजात ज्याचा वरचष्मा असतो तो.

सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. १९१७ मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि जात न सांगता पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना खोली सोडायला लावली. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राला बायकोला विचारायचं होतं. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास बाबासाहेबांनी कमाटी बागेत काढले. हे सारं त्यांनीच लिहून ठेवलंय. मला लाठ्यांपेक्षा मित्रांची उत्तरं जास्त बोलकी वाटतात: किळस स्वतःची आहे असं दोघांपैकी कोणीच म्हणत नाही. आणि खुद्द महाराजांची सत्ता नोकरी देऊ शकली, खोली नाही.

म्हणून सगळं खापर भावनेवर फोडायचं? तेही जमत नाही. घाण वास किंवा ओंगळ दृश्याने माणसाचा नैतिक निवाडा कठोर होतो, असा एकेकाळी बोलबाला होता. लँडी आणि गुडविन यांनी २०१५ मध्ये असे अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा परिणाम फारच किरकोळ निघाला. न छापलेल्या निष्फळ प्रयोगांचा हिशेब धरला तर जवळजवळ शून्य.

माझ्या मते, एकट्याच्या डोक्यात बुद्धी बहुतेकदा हरते. चारचौघांत, उलट प्रश्न विचारायचा हक्क समोरच्याला मिळाला, की तिला बळ येतं. तो हक्क मात्र मागून, झगडून घ्यावा लागतो. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली, आणि १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेपोटी सार्वजनिक धर्मशाळेत कोणाला मज्जाव करणं गुन्हा ठरवलं. दार अडवणाऱ्याच्या पोटात काय ढवळतंय, याची चौकशी तो कायदा करत नाही.