रसायनसाठा नोंद प्रणाली

प्रयोगशाळेतील रसायनांची आवक, जागा, वापर, मुदत व विल्हेवाट यांची बाटलीवार नोंद ठेवणारी संगणकप्रणाली. महाविद्यालयांतील स्टॉक रजिस्टर खरेदीच्या बिलावरून भरले जाते. बाटली सध्या कोणत्या फळीवर आहे, हे त्यातून कळत नाही.

या प्रणालींचा उगम भांडार-हिशोबाकडून सांगता येतो, तसाच रासायनिक माहितीकोशांकडूनही. दुसरा धागा अधिक महत्त्वाचा मानावा लागतो. कारण एकाच रसायनाची अनेक नावे जुळवण्याचा प्रश्न १९६५ मध्ये सुरू झालेल्या सीएएस (केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस) नोंदणी क्रमांकांमुळे, म्हणजे प्रत्येक पदार्थाला दिलेल्या स्वतंत्र क्रमांकांमुळे, सुटला. क्रमांकाचा शेवटचा अंक तपासणीचा असतो. ॲसिटोनच्या ६७-६४-१ मधील आधीचे अंक उजवीकडून अनुक्रमे १, २, ३, ४ ने गुणल्यास ४ + १२ + २१ + २४ = ६१ येतात; एकक १, म्हणून क्रमांक सुसंगत. टंकनातल्या बहुतेक चुका (सर्व नव्हे) येथेच सापडतात.

मात्र क्रमांकावर सगळे सोपवता येत नाही. निर्जल मोरचूद (कॉपर सल्फेट) ७७५८-९८-७, तर पाच रेणू पाणी असलेला ७७५८-९९-८. निर्जल समजून दुसऱ्यातले १५.९६ ग्रॅम लिटरभर द्रावणासाठी घेतले, तर संहती ०.१ ऐवजी ०.०६४ मोलर भरते. उलट, सल्फ्युरिक आम्लाची तीव्रता काहीही असो, क्रमांक एकच. कोल्हापूर परिसरातील दूध संघांच्या प्रयोगशाळांत गर्बर चाचणीसाठी (दुधातील स्निग्धांश मोजण्याची पद्धत) सुमारे ९०–९१ टक्क्यांचे आम्ल लागते. त्याजागी ९८ टक्क्यांचे गेले तर स्निग्धांश करपून काळा पडतो. त्यामुळे तीव्रता व प्रत यांचे रकाने सक्तीचे असावेत.

नोंदीचे एकक बाटली की ग्रॅम, याबद्दल मतभेद आहेत. दर वापराची नोंद कागदावर आदर्श दिसते, पण प्रॅक्टिकलच्या गर्दीत ती पाळली जात नाही आणि शिल्लक खोटी ठरते. बाटली हेच एकक व्यवहार्य. अपवाद ॲसेटिक ॲनहायड्राइडसारख्या, अमली पदार्थ कायद्याखालील २०१३ च्या आदेशाने नियंत्रित पदार्थांचा. त्यांचा हिशोब मापानेच ठेवावा. इतरत्र वजनही फसवे ठरते: सोडियम हायड्रॉक्साइड पावसाळ्यात ओल धरते, तेव्हा वजनावरून काढलेली शिल्लक फुगते.

सर्वाधिक चुकणारा रकाना बाटली उघडल्याच्या तारखेचा. डायएथिल ईथरमध्ये हवेच्या संपर्काने स्फोटक परॉक्साइडे तयार होतात. ही तारीख नसेल तर तपासणीची सूचना खरेदीच्या तारखेवरून निघते आणि तिला अर्थ उरत नाही.

प्रत्येक बाटलीवर स्कॅन करता येणारे लेबल लावतात. थेट उष्णतेने छापलेली लेबले द्रावकाचा थेंब पडताच पुसली जातात किंवा काळी पडतात. पॉलिएस्टर लेबलावर रेझिन रिबनने (राळयुक्त शाईच्या फितीने) केलेली छपाई टिकते. रिकामी बाटली स्कॅन न करता धुवायला गेली की यादीत ती भरलेलीच राहते. म्हणून स्कॅनर धुण्याच्या जागेजवळ ठेवतात. जर्मनीत तयार झालेली ‘ओपन एन्व्हेंटरी’ ही मुक्तस्रोत प्रणाली पीएचपी (प्रोग्रामिंग भाषा) व मायएसक्यूएलवर (माहितीसाठा प्रणाली) चालते. ती महाविद्यालयाच्या अंतर्गत नेटवर्कवर बसवता येते.