असीरगडाची पार्श्वभूमी: मार्चमध्ये बंडखोर, एप्रिलमध्ये आज्ञाधारक

इंदूरहून बुऱ्हाणपूर-भुसावळकडे बसनं गेलेल्या प्रत्येकानं असीरगड पाहिलेला असतो, निदान खिडकीतून तरी. सिमरोलचा घाट, बडवाह, मोरटक्क्याला नर्मदा, सनावद, खंडवा, मग सातपुड्याचं जंगल सुरू होतं आणि वळणं घेता घेता एकदम समोर सपाट माथ्याचा तो काळा डोंगर येतो. लहानपणी भुसावळला आजोळी जाताना आई दरवेळी तिकडे बघून हात जोडायची, वर महादेव आहे म्हणून. अश्वत्थामा रोज येऊन त्या महादेवाला फूल वाहतो ही गोष्ट आणि असीरगड, कमरगड, मलयगड असे तीन टप्पे, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, ते परत सांगत नाही. मला सांगायचंय ते मुख्यतः १८१७ ते १८१९ या दोन वर्षांचं, कारण किल्ला आज ज्या अवस्थेत आहे त्याचं मूळ तिथे आहे आणि त्या दोन वर्षांबद्दल जे छापलं जातं ते एकाच बाजूनं लिहिलेलं आहे.

आधी जागेचं थोडं. नर्मदेच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात उतरायला सातपुड्यात जी सोपी खिंड आहे तिच्या तोंडावर हा किल्ला, बुऱ्हाणपूरपासून साधारण २० किलोमीटर उत्तरेला. माळव्याकडून दख्खनमध्ये उतरणारं लष्कर असो की खानदेशातून वर येणारं, दोघांनाही याच्या नजरेखालूनच जावं लागायचं. त्यामुळे हा कायम कुणाच्या ना कुणाच्या हद्दीवर राहिला, फक्त हद्द बदलत गेली.

जुना काळ थोडक्यात. फरिश्ता हा जुना फारसी इतिहासकार सांगतो की आसा नावाच्या एका धनाढ्य अहीर गवळ्याचा हा किल्ला, हजारो गाई-म्हशी बाळगणारा माणूस, त्याच्याकडे खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या घराण्यातल्या नासिर खाननं आपल्या बायकामुलांना आसरा मागितला आणि डोल्यांत बायकांऐवजी सैनिक बसवून किल्ला घेतला. हे साधारण १४०० च्या सुमाराचं. पुढे जवळपास २०० वर्षं फारुकी, मग अकबर. अकबराचा वेढा १६०० मध्ये सुरू झाला आणि किल्ला जानेवारी १६०१ मध्ये पडला, पण कसा पडला यावर तेव्हापासून भांडण आहे, दरबारी इतिहास म्हणतो आत रोगराई माजली म्हणून, आणि अकबराबरोबर असलेल्या जेझुइट पाद्र्यांच्या हकिकतीत आहे की बहादूरशहा फारुकीला शपथेवर खाली बोलावून अडकवलं आणि बाकीचं काम पैशानं केलं. १७२० मध्ये निजामानं घेतला. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतरच्या तहात तो मराठ्यांकडे आला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस शिंद्यांकडे.

आता नावाचा गुंता, कारण जुने नकाशे आणि कागद बघायला बसलं की पहिली अडचण हीच येते. अठराव्या शतकाच्या इंग्रजी नकाशांवर हा ‘असीर’, ‘असीरगर’ अशा स्पेलिंगनं येतो. पोर्तुगीजांच्या कागदात जो ‘असेरी’ येतो तो हा नाहीच, तो पालघरकडचा अशेरीगड, पण नावं इतकी जवळची आहेत की नेटवर दोघांची माहिती एकमेकांत मिसळलेली सर्रास दिसते. वसईच्या मोहिमेत अशेरीगड घेतला ती गोष्ट लोक बिनदिक्कत असीरगडाला लावून मोकळे होतात.

दुसरा गुंता माणसाच्या नावाचा, आणि तो जास्त महत्त्वाचा. १८१९ च्या वेढ्याच्या सगळ्या इंग्रजी हकिकतींत शिंद्यांच्या किल्लेदाराचं नाव ‘जसवंतराव लार’ आहे, हिंदीत सगळीकडे तेच उचललंय, आणि मराठीतही आता लोक ‘लार’ लिहायला लागलेत. नीट बघा, इंग्रज ‘ड’ चा ‘र’ करायचे. गायकवाडांचं गायकवार केलं, गडाचं गर केलं, याच किल्ल्याच्या नावात केलं! आणि ‘जसवंतराव’ बद्दल इंदूरकरांना तरी सांगायला नको, आपल्या यशवंतराव होळकरांना इंग्रजांनी आयुष्यभर जसवंतरावच लिहिलं. म्हणजे हा सरळ यशवंतराव लाड. ज्यानं किल्ला लढवला त्या माणसाचं नावसुद्धा आपण किल्ला घेणाऱ्यांच्या उच्चारात घेतो हे मला खटकतं, म्हणून मी लाडच लिहिणार.

मध्येच एका वस्तूचं सांगून घेतो. असीरगडाच्या इतिहासात एक तांब्याची मुद्रा नेहमी येते, उत्तर हिंदुस्थानातल्या मौखरी घराण्याचा राजा शर्ववर्मन याची, सहाव्या शतकातली, आणि तिच्यावरून किल्ला मौखरींच्या राज्यात होता असं बऱ्याच ठिकाणी ठोकून दिलेलं असतं. पण ती मुद्रा काही जमिनीतून खणून निघालेली नाही, ती किल्ल्यावर शिंद्यांच्या सामानाच्या एका पेटीत मिळाली अशी नोंद आहे. पेटीतली वस्तू कुठूनही आलेली असू शकते, शिंद्यांचं लष्कर दिल्लीपासून बुंदेलखंडापर्यंत फिरलेलं. त्यामुळे मुद्रा खरी, वाचन खरं, पण असीरगड मौखरींचा होता हे तिच्यावरून ठरत नाही. पेट्यांबद्दल हे लक्षात ठेवा, पुढे अजून एक पेटी येणार आहे.

१८०३ ची गोष्ट पटकन. असईच्या लढाईनंतर इंग्रजांची एक फौज बुऱ्हाणपूर घेऊन असीरगडावर आली, २१ ऑक्टोबरला किल्ला खाली झाला, लढाई अशी फारशी झाली नाही, बोलणी झाली. ३० डिसेंबरच्या सुर्जी अंजनगावच्या तहात तो शिंद्यांना परत मिळाला. म्हणजे एकदा घेऊन परत दिल्याचा दाखला समोर होता, आणि १८१७ मध्ये काय घडलं ते समजायला तो उपयोगी पडतो.

नोव्हेंबर १८१७. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त करायचा म्हणून कंपनीची प्रचंड फौज चारी बाजूंनी मध्य हिंदुस्थानात उतरलेली, त्यातले दोन भाग ग्वाल्हेरच्या अगदी अंगावर येऊन बसले आणि दौलतराव शिंद्यांकडून तह करून घेतला. त्यात एक कलम होतं की युद्ध चालेल तोवर हंडिया आणि असीरगड या दोन किल्ल्यांत कंपनीची शिबंदी राहील. तोवर, हा शब्द महत्त्वाचा, किल्ले ओलीस होते, विकलेले नव्हते. हंडिया ताब्यात दिला गेला. असीरगडला हुकूम गेला आणि लाडांनी किल्ला दिला नाही. इथूनच इंग्रजी कागदांत त्यांना ‘बंडखोर किल्लेदार’ म्हणायला सुरुवात होते, धन्याचा हुकूम न मानणारा, आणि शिंदे दरबारही वर तेच म्हणत राहिला की काय करावं, ऐकतच नाही.

मे १८१८ मध्ये दुसरा बाजीराव पळत पळत याच भागात आला आणि असीरगडाजवळ धोलकोटला मुक्काम करून राहिला. बोलणी करायला होता कंपनीचा अधिकारी माल्कम, म्हणजे ज्यानं त्याच वर्षी आपल्या महूची छावणी वसवली तोच. ३ जूनला बाजीराव त्याच्या छावणीत आला, वर्षाला ८ लाखांच्या बोलीवर. एवढी मोठी रक्कम कबूल केली म्हणून माल्कमवर वरून टीका झाली, तेव्हा त्याच्या बचावातला एक मुद्दा असा होता की बाजीराव असीरगडात शिरला असता तर पावसाळा तोंडावर आलेला, वेढा घालणं शक्यच नव्हतं, युद्ध पुढच्या वर्षावर गेलं असतं. बाजीरावाला ब्रह्मावर्तला मिळत राहिलेल्या या पेन्शनीचं आपण इतकं बोलतो, पण तो आकडा ठरण्यात या बंद दरवाज्याचा वाटा होता हे कुणी सांगत नाही.

मग नागपूरचे आप्पासाहेब भोसले. इंग्रजांच्या कैदेतून निसटून ते महादेवाच्या डोंगरात, पचमढीकडे लपलेले, १८१९ च्या सुरुवातीला चितू पेंढाऱ्याला बरोबर घेऊन असीरगडाखाली आले. लाडांनी आप्पासाहेबांना आत घेतलं, चितूला घेतलं नाही, आणि तो पुढे सातवासच्या जंगलात वाघानं मारला. आता कंपनीला कारण मिळालं. दक्षिणेकडून डव्हटनची फौज आणि माळव्याकडून माल्कम, दोघं मिळून किल्ल्याखाली आले. १८ मार्चला खालची पेठ पडली, तीन दिवसांनी त्यांच्याच तोफांमागचं दारूचं कोठार उडालं आणि बरेच शिपाई गेले, महिनाअखेरीला खालचा किल्ला त्यांच्या हाती आला, आणि ९ एप्रिलला वरचा. आत साधारण १,२०० लोक, त्यात अरब, सिंधी, मकराणी असे शिबंदीतले बरेच. त्यांनी तीन आठवडे काढले. आप्पासाहेब आत नव्हतेच, ते वेष बदलून कधीचे उत्तरेकडे निघून गेले होते, पुढे लाहोर, मग जोधपूर.

आणि आता ती पेटी. किल्लेदाराच्या कागदांत दौलतराव शिंद्यांचं पत्र सापडलं, त्यात होतं की पेशव्यांकडून जो हुकूम येईल तसं वागावं. झालं. कंपनीनं जाहीर केलं की शिंद्यांनी वरून एक आणि आतून दुसरं केलं, तह मोडला, सबब असीरगड आता कायमचा आमचा.

इथे मी जरा थांबतो, कारण बहुतेक लेखांत हे दोन ओळींत संपतं आणि वाचणाऱ्याला वाटतं की ठीकच आहे, चोरी पकडली आणि दंड केला. नीट बघा काय झालंय. मार्चमध्ये वेढा घालताना कारण काय, तर किल्लेदार बंडखोर आहे, शिंद्यांचं ऐकत नाही, म्हणून शिंद्यांच्या वतीनं आम्ही किल्ला सोडवतोय. एप्रिलमध्ये किल्ला ठेवून घेताना कारण काय, तर किल्लेदार धन्याचंच ऐकत होता, म्हणून धन्याला शिक्षा. दोन्हीपैकी एक काहीतरी धरा! बंडखोर असेल तर किल्ला शिंद्यांचा, बंड मोडलं, १८०३ सारखा परत करा. आज्ञाधारक असेल तर मग त्याला बंडखोर का म्हणता? पहिल्या शब्दानं किल्ल्यावर चढता आलं, दुसऱ्या शब्दानं तिथे राहता आलं, आणि पुस्तकांत दोन्ही शब्द एकाच पानावर शेजारी शेजारी बसलेत.

दुसरी बाजूही आहे आणि ती पोकळ नाही. शिंद्यांनी तहावर सही केली होती आणि पत्र खरं होतं, दौलतरावांनी दोन्ही दगडांवर पाय ठेवला यात शंका नाही. पण सही कुठल्या परिस्थितीत झाली तेही धरा, आणि पेशव्यांचं ऐक असं शिंद्यांनी आपल्या किल्लेदाराला सांगणं ही मराठेशाहीच्या रीतीत गद्दारी नव्हे, शिंदे कागदोपत्री पेशव्यांचेच सरदार होते. लाडांच्या हातात दोन हुकूम होते, एक उघड दिलेला, एक गुपचूप दिलेला. त्यांनी गुपचूप दिलेला पाळला, कारण मनापासूनचा कुठला हे त्यांना कळत होतं. ज्या किल्ल्यावर डोल्यांतून सैनिक आले, जिथे बादशहानं पैसा वापरल्याची हकिकत आहे, तिथे हा एक माणूस, समोर तोफा लागल्यावरसुद्धा फुटला नाही. मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटते आणि मी ती घेतो.

याचा नकाशावर जो परिणाम झाला तोही बघण्यासारखा आहे. १८१९ नंतर किल्ला आणि त्याखालची थोडी जमीन इंग्रजांची, पण बुऱ्हाणपूर शिंद्यांचंच राहिलं. म्हणजे ४० वर्षं शिंद्यांच्या मुलखात मधोमध इंग्रजांचा एक ठिपका, आणि त्या ठिपक्यावरून खालच्या रस्त्यावर नजर. १८५७ च्या जुलैत इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाल्यावर तिथला कारभारी गोरा अधिकारी सिहोरला पळाला आणि पुढे फिरून असीरगडलाच आला, दक्षिणेतून येणारी फौज याच वाटेनं येणार होती, तिच्याबरोबर तो ऑगस्टच्या सुरुवातीला महूला परतला. किल्ल्यावर त्या वेळी ग्वाल्हेर कंटिन्जंटची, म्हणजे शिंद्यांच्या खर्चानं पण गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या फौजेची, तुकडी होती, ती उठेल या भीतीनं तिची हत्यारं काढून घेतली होती. १८६० च्या सुमाराला बुऱ्हाणपूरही इंग्रजांकडे गेलं, तशी हद्द संपली आणि हद्दीबरोबर किल्ल्याचं कामही. मग त्याचा तुरुंग झाला. इंग्रजांविरुद्ध लढलेले संबलपूरचे वीर सुरेंद्र साय याच किल्ल्यात कैदेत होते आणि १८८४ मध्ये इथेच गेले.

म्हणून आज वर चढल्यावर जे पडकं दिसतं ते सगळं मध्ययुगीन समजू नका. दोन मिनारांची मशीद फारुकींची, ती अजून चांगली उभी आहे, तासलेल्या काळ्या दगडाची, उन्हात हात ठेववत नाही इतकी तापते. पण छपरं गेलेल्या ज्या लांबलचक भिंती आहेत त्या इंग्रजांच्या बराकी, आणि झुडपांत चुना गळून पडलेल्या कबरी आहेत त्या गोऱ्यांच्या. लोक या बराकींचे फोटो टाकून खाली ‘फारुकी महाल’ लिहितात. महादेवाच्या देवळापाशी मात्र रोज कुणी ना कुणी असतंच, आणि खाली गावात बस थांबते तिथून वर बघितलं की पेठेतून किल्ला किती उंच दिसत असेल, तोफा कुठवर पोचत असतील, हे नकाशाशिवाय कळतं.