सोन्याची नाव आणि जवसाचं तेल

‘इंग्लंडच्या युवराजाची शुद्ध सोन्याची नाव’ असा एक फोटो मध्यंतरी आमच्या घरच्या ग्रुपवर फिरत होता. नाव खरी आहे, पण ती लाकडाची. विल्यम केंटने १७३२ मध्ये युवराज फ्रेडरिकसाठी तिची आखणी केली आणि कोरीवकाम जेम्स रिचर्ड्सने केलं. ६३ फुटी ही नाव आता लंडनमधल्या ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. तिच्यावर मत्स्यकन्या आहेत आणि शहामृगाची तीन पिसं, म्हणजे युवराजाचं राजचिन्हही आहे. झळाळतो तो फक्त वर्ख.

वर्खाची जाडी मिलिमीटरचा दहा हजारावा भाग धरली, तर एक ग्रॅम सोन्यात जवळजवळ अख्खा कॅरम बोर्ड मढवता येतो. पण तो लाकडावर टिकवायचा कसा? घरातल्या चौकटीवर प्राण्यांच्या सरसाने भागतं. नदीतल्या नावेवर सरस ओलाव्याने सुटतो. म्हणून उघड्यावरच्या कामाला जवसाचं तेल वापरतात. हो, चटणीतल्या जवसाचंच.

तेल ‘वाळतं’ म्हणजे काय? आपल्याला वाटतं, ओल्या टॉवेलसारखं त्यातून काहीतरी उडून जातं. प्रत्यक्षात उलटं होतं, सुरुवातीला तेलाचं वजन वाढतं! जवसाच्या तेलात लिनोलेनिक आम्लाच्या साखळ्या भरपूर असतात आणि प्रत्येकीत कार्बनचे तीन दुहेरी बंध असतात. दोन दुहेरी बंधांमध्ये अडकलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज सुटतो. तिथे हवेतला ऑक्सिजन जोडला जाऊन पेरॉक्साइड बनतं. ते फुटलं की मुक्त मूलकं, म्हणजे जोडीदार शोधणारे अतिक्रियाशील तुकडे, तयार होतात आणि ती शेजारच्या साखळीला धरतात. असं होत होत सगळ्या तेलाचं एकच जाळं विणलं जातं, आणि ते पाण्यात विरघळत नाही. खोबरेल तेलात असे दुहेरी बंध जेमतेम असतात, म्हणून ते वर्षभर ठेवलं तरी वाळत नाही. (आयोडीन मूल्य जवसाचं १८०च्या आसपास, खोबरेलाचं १०च्या आत. दुहेरी बंध मोजायची ही जुनी युक्ती.)

कारागीर लाकडावर या तेलाचा लेप देतो आणि तो वाळत आला की वाकवलेल्या बोटाचा सांधा लेपाला टेकवून पाहतो. लेप किंचित धरतो, पण बोटाला काही लागत नाही, हीच वर्ख लावायची वेळ. मग पातळ कुंचला स्वतःच्या गालावरून फिरवतो. गालाच्या तेलकटपणाने वर्ख कुंचल्याला धरतो आणि लेपावर अलगद बसतो.

म्हणजे खालचं तेल ऑक्सिजनवर जगतं आणि वरचं सोनं त्याला दादच देत नाही. सोन्याचा वर्ख खाऊन ‘शक्ती’ येते म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. जो हवेला बधत नाही, तो पोटातही काही न करता तसाच बाहेर पडतो.

तेलाला ऑक्सिजन जोडला जाताना उष्णता निघते. लेपावर ती हवेत विरून जाते. पण तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला, तर ती आत कोंडते आणि काडी न लावता बोळा पेट घेऊ शकतो. म्हणून त्या चिंध्या पाण्यात बुडवून ठेवतात.