उच्च व्होल्टेज बूस्ट कन्व्हर्टर मॉड्यूल : हौशी इलेक्ट्रॉनिक्समधील सुरक्षित वापर

बॅटरी किंवा अडॅप्टरकडून मिळणारे ५ किंवा १२ व्होल्टसारखे कमी डीसी व्होल्टेज शंभर ते चारशे व्होल्टपर्यंत चढवणारी, तळहातावर मावणारी तयार सर्किट-पट्टी म्हणजे उच्च व्होल्टेज बूस्ट कन्व्हर्टर मॉड्यूल. बरोज कंपनीने १९५५ मध्ये आणलेल्या निक्सी नळ्यांतील (आकडे प्रकाशाने दाखवणाऱ्या काचेच्या नळ्यांतील) अंक उजळण्यासाठी सुमारे १७० व्होल्ट लागतात, तर किरणोत्सर्ग मोजणाऱ्या सोव्हिएत बनावटीच्या एसबीएम-२० या गायगर नळीला सुमारे ४०० व्होल्ट. हौशी मंडळींच्या हाती हे मॉड्यूल मुख्यतः या दोन कामांसाठी येते. निक्सीच्या एका अंकाला काही मिलिअँपिअर आणि गायगर नळीला त्याहून कितीतरी कमी प्रवाह पुरतो, म्हणून मॉड्यूलही निरुपद्रवी असावे असा समज होतो. तो चुकीचा आहे, कारण नळी किती प्रवाह घेते यावरून माणसाच्या हातातून किती प्रवाह जाईल हे ठरत नाही.

मॉड्यूलमधला मॉसफेट, म्हणजे वेगाने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर, चालू असताना कॉइलमधला प्रवाह वाढत जातो आणि तिच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. मॉसफेट बंद होताच कॉइल तोच प्रवाह डायोडमधून कपॅसिटरमध्ये ढकलते. कॉइलमधला प्रवाह खंडित होत नसेल, तर १२ व्होल्टचे १७० व्होल्ट करण्यासाठी मॉसफेटला प्रत्येक आवर्तनाचा सुमारे ९३ टक्के वेळ चालू राहावे लागते. व्होल्टेज किती चढवायचे हे फीडबॅकचे, म्हणजे आउटपुट व्होल्टेजची माहिती नियंत्रकाकडे परत नेणारे, रेझिस्टर आणि प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) ठरवतात. यांतला एखादा जोड निसटून फीडबॅक तुटला, तर नियंत्रक व्होल्टेज कमी आहे असे समजून ते चढवतच राहतो, आणि कपॅसिटर किंवा मॉसफेट फुटण्याची वेळ येते. म्हणून नळी जोडण्यापूर्वी प्रीसेट सर्वांत खालच्या टोकाला आणून, मीटर लावून, हळूहळू वर न्यावा.

खरा धोका पुरवठा काढल्यानंतर सुरू होतो. आउटपुटला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३९० व्होल्टला भरलेला असेल, तर त्यात सुमारे साडेसात जूल ऊर्जा असते, आणि ती वाहून जायला वाट नसेल तर बराच वेळ तशीच टिकते. यासाठी कपॅसिटरला समांतर ब्लीडर रेझिस्टर, म्हणजे साठलेली ऊर्जा हळूहळू वाहून नेणारा रेझिस्टर, कायमचा सोल्डर केलेला असावा. १०० किलोओहमच्या ब्लीडरने हा कपॅसिटर साधारण २० सेकंदांत ५० व्होल्टपर्यंत उतरतो, पण मॉड्यूल चालू असताना त्यात सतत दीड वॉट उष्णता निर्माण होते. पाव वॉटचा सामान्य रेझिस्टर इथे चालत नाही. शिवाय रेझिस्टरला सहन होणाऱ्या व्होल्टेजचीही मर्यादा असते, म्हणून ४७ किलोओहमचे, २ वॉटचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडणे बरे. ब्लीडर जळून तुटलेला असू शकतो, हे ध्यानात ठेवून हात लावण्याआधी दर वेळी मीटरने मोजावे. स्क्रूड्रायव्हरने टोके शॉर्ट करण्याची सवय मोडावी, कारण त्या ठिणगीने धातूचे कण उडतात आणि कपॅसिटरही खराब होतो.

ट्रान्सफॉर्मर नसलेल्या मॉड्यूलमध्ये इनपुट आणि आउटपुटची निगेटिव्ह बाजू एकच असते. त्यामुळे त्याच पुरवठ्यावर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाचे धातूचे भाग एका हाताने धरून दुसरा हात उच्च व्होल्टेजच्या तारेला लागला, तर प्रवाह छातीतून जातो. बॅटरीवर चालणारे सर्किट याला अपवाद नाही. चालू सर्किटमध्ये मोजमाप करायचेच असेल, तर मीटरची निगेटिव्ह तार क्रोकोडाइल क्लिपने आधी अडकवून, एक हात टेबलापासून दूर ठेवून, दुसऱ्या हाताने प्रोब टेकवावा. मीटर आणि त्याच्या तारा दोन्ही ६०० व्होल्ट डीसीसाठी योग्य असाव्यात.

गायगरच्या पुरवठ्यात मीटर स्वतःच फसवतो. नेहमीच्या डिजिटल मीटरचा इनपुट रोध १० मेगाओहम असतो. ४०० व्होल्टला तो ४० मायक्रोअँपिअर ओढतो, आणि तेवढ्याने अशक्त पुरवठा खाली बसतो. मीटर ३०० दाखवतो, वापरणारा प्रीसेट वर नेतो, आणि मीटर काढताच नळीवर मर्यादेपेक्षा जास्त व्होल्टेज येते. मोजणीसाठी १०० मेगाओहम किंवा त्याहून मोठा रोध मीटरसोबत एकापुढे एक जोडून, आकडा त्या प्रमाणात गुणून घ्यावा. कोकणातल्या पावसाळी हवेत पट्टीवर सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्सचा थर ओलावा धरतो आणि त्यातून होणारी गळतीही पुरवठ्याला अशीच खाली खेचते. त्यासाठी सोल्डर झाल्यावर पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, पूर्ण वाळवून मगच प्लॅस्टिकच्या बंद डबीत बसवावी.