माजी सैनिकांचं तंत्रज्ञान प्रशिक्षण : फी कुणाला आणि कधी?

अमेरिकेत माजी सैनिकांना कोडिंग आणि सायबर सुरक्षा शिकवण्याच्या योजनांवर जो वाद चालतो, तो वाटतो तेवढा नवा नाही. सरकारी फी कुणाच्या हातात पडावी आणि कधी, हे भांडण जुनंच आहे.

दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाला सरकारी पैसा देणाऱ्या १९४४च्या कायद्याचं, म्हणजे जीआय बिलाचं नाव निघालं की कॉलेजात शिरलेले सैनिक डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात शिक्षण-प्रशिक्षणाचा लाभ घेणाऱ्या सुमारे ७८ लाखांपैकी कॉलेजात गेले साधारण २२ लाख. हाताचं काम शिकवणाऱ्या खासगी शाळा भराभर निघाल्या. फी थेट शाळेला मिळे, शिकवलं किती हे पाहणारं फारसं कुणी नव्हतं. कोरिया युद्धातल्या सैनिकांसाठी १९५२मध्ये कायदा झाला, तेव्हा पैसे शाळेऐवजी सैनिकाला देण्याचं ठरलं. एकट्याला महिना ११० डॉलर, त्यातूनच फी. पुढे ९/११नंतरच्या कायद्याने फी पुन्हा संस्थेकडे वळवली.

कोडिंगचे काही आठवड्यांचे झटपट वर्ग, म्हणजे बूटकॅम्प, पदवीच्या चौकटीत नीट बसत नव्हते. म्हणून २०१७च्या कायद्याने ‘व्हेट टेक’ हा पाच वर्षांचा प्रयोग मंजूर केला, तो २०१९मध्ये सुरू झाला. खरी गंमत फीच्या हप्त्यांत होती. प्रवेश झाला की २५ टक्के, अभ्यासक्रम पूर्ण झाला की २५, आणि उरलेली निम्मी फी विद्यार्थ्याला १८० दिवसांत ‘अर्थपूर्ण नोकरी’ लागली तरच.

आता अर्थपूर्ण म्हणजे काय? शिकलेलं कौशल्य वापरायला लागेल अशी नोकरी. कागदावर सोपं. पण पायथन ही कोडिंगची भाषा शिकून आलेला माणूस हेल्पडेस्कवर दिवसभर पासवर्ड रीसेट करून देत असेल, तर ती नोकरी धरायची की नाही? एकीकडे निम्मी फी, दुसरीकडे हा एक शब्द.

फी रोखून धरणं मला योग्यच वाटतं, १९४४नंतरचा अनुभव पाहता तर जास्तच. मात्र त्याने संस्थेचा डोळा आपोआप सोप्या विद्यार्थ्याकडे जातो. लष्करात ‘२५बी’ या पदावर संगणकाचंच काम केलेला, सायबर सुरक्षेची ‘सिक्युरिटी प्लस’ परीक्षा आधीच दिलेला, गोपनीय कामाची मंजुरी हातात असलेला सैनिक तसाही नोकरीच्या दारात उभा असतो. पायदळातून आलेल्याचं तसं नाही, आणि योजनेची गरज त्यालाच जास्त.

प्रयोगाची मुदत एप्रिल २०२४मध्ये संपली. जानेवारी २०२५च्या कायद्याने योजनेला पुन्हा जीव दिला. अजून गणवेशात असलेल्यांसाठी ‘स्किलब्रिज’ वेगळं आहे. सेवेच्या शेवटी जास्तीत जास्त १८० दिवस सैनिक कंपनीत काम शिकतो आणि पगार लष्कर देत राहतं. कंपनीला माणूस बिनपगारी मिळतो, आणि नंतर त्याला नोकरीवर घेतलंच पाहिजे असं बंधन तिच्यावर नाही.