जेजूची किनारवाट: २००७ च्या आधी इथून कोण चालायचं

कोरियाच्या दक्षिणेला असलेल्या जेजू बेटाच्या बोलीत ‘ओल्ले’ म्हणजे गावरस्त्यापासून घरापर्यंत जाणारा बोळ. दोन्ही अंगांना काळ्या दगडांचे गडगे, चुना-माती न वापरता नुसते रचलेले. बोळ बहुधा मुद्दाम वाकडा ठेवलेला असतो, म्हणजे समुद्रावरचा वारा सरळ घरात घुसत नाही. बोळाच्या तोंडाशी भोकं पाडलेले दोन दगडी खांब आणि त्यांत अडकवायचे तीन लाकडी वासे. वासे खाली ठेवलेले असले तर घरात माणूस आहे. एकच अडकवलेला असेल तर घरधनी जवळपासच गेलाय, आणि तिन्ही असतील तर लवकर यायचा नाही. फाटक म्हणा, निरोपाची पाटी म्हणा, सगळं त्यातच.

हा घरगुती शब्द आज वेगळ्याच गोष्टीसाठी ओळखला जातो. ‘जेजू ओल्ले’ म्हणजे बेटाला वळसा घालणारी, २७ टप्प्यांची, सुमारे ४३७ किलोमीटरची पायवाट. मुख्य बेटाखेरीज उदो, गापादो आणि चुजादो या लहान बेटांवरचे टप्पेही त्यात धरलेत. पहिला टप्पा सप्टेंबर २००७ मध्ये खुला झाला. वाट म्हणून ती तरुणच आहे. पण तिचे बरेचसे तुकडे आधीपासून पायाखालचे होते, आणि त्यावरून चालणाऱ्यांपैकी हौसेने चालणारे फार थोडे.

मुळात लोक किनाऱ्यालाच का राहिले, इथपासून सुरुवात करायला हवी. जेजूचं क्षेत्रफळ सुमारे १,८५० चौरस किलोमीटर. मधोमध सुमारे १,९५० मीटर उंचीचा हल्लासान, आणि सभोवती विखुरलेल्या साडेतीनशेहून अधिक छोट्या ज्वालामुखी टेकड्या. त्यांना तिथे ‘ओरुम’ म्हणतात. उद्रेकांचा हा खेळ लाखो वर्षं चालला, आणि शेवटच्या उद्रेकांच्या नोंदी तर माणसांनी लिहून ठेवल्या आहेत: १००२ आणि १००७. दगड बहुतेक बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाचाच जातभाई, पण वयाने अगदीच कोवळा. सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षं झिजत आलाय. जेजूचा लाव्हा अजून भेगाळ आणि सच्छिद्र आहे.

या भेगांनीच बेटाचा नकाशा ठरवला. पाऊस भरपूर पडतो, पण पाणी वर टिकत नाही. ओढ्यांची पात्रं बहुतेक दिवस कोरडी असतात. जमिनीत मुरलेलं पाणी लाव्हाच्या थरांमधून उतरत उतरत थेट समुद्रकाठी वर येतं. काही ठिकाणी हे गोड्या पाण्याचे झरे भरतीच्या वेळी खाऱ्या पाण्याखाली जातात आणि ओहोटी लागली की पुन्हा उघडे पडतात. जिथे झरा तिथे गाव, म्हणून जुनी गावं बेटाच्या काठाने माळेसारखी ओवलेली दिसतात. झऱ्यावरून पाणी आणणं बायकांचं काम. ‘हॉबॉक’ नावाचा मातीचा घडा बांबूच्या टोपलीत ठेवायचा आणि टोपली पाठीवर बांधायची. पाण्याच्या या खेपांनी ज्या पाऊलवाटा मळल्या, त्याच किनारवाटेचा सगळ्यात जुना धागा.

दुसरा धागा हेन्योंचा. श्वास रोखून समुद्रात बुड्या मारणाऱ्या आणि शंख-शिंपले, समुद्री शेवाळ काढणाऱ्या या बायका. त्यांच्या परंपरेला २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. लाव्हाच्या धारदार खडकांवरून पाण्यापर्यंत उतरायच्या त्यांच्या ठरलेल्या वाटा असत. काठावर दगड गोल रचून केलेला आडोसा असे, ‘बुल्तोक’. तिथे कपडे बदलायचे, शेकोटीला अंग शेकायचं आणि कुठे, कधी बुडायचं हे ज्येष्ठ बायकांकडून ऐकायचं. यातले काही बुल्तोक अजून किनाऱ्यावर उभे आहेत. न थांबता पुढे जाणाऱ्याला ते मोडकळीला आलेले गुरांचे गोठे वाटतात.

तिसरा धागा पहाऱ्याचा. १२७० मध्ये मंगोलांपुढे न झुकलेल्या साम्ब्योल्चो बंडखोरांना बेटावर उतरू द्यायचं नाही, म्हणून राजसत्तेने किनाऱ्याला दगडी तटबंदी घालायला घेतली. बंडखोर उतरलेच, आणि १२७३ मध्ये त्यांचा शेवटचा पाडावही इथेच झाला. तटबंदी मात्र पुढे चाच्यांविरुद्ध शतकानुशतकं डागडुजी करून वापरली गेली. नंतरच्या जोसोन राजवटीत तिच्या जोडीला धुराने इशारा देणारे चौथरे आले. म्हणजे किनाऱ्याने चालत राहणं हे कोणाचं तरी नेमून दिलेलं काम होतं.

आणि हा पहारा फक्त बाहेरच्यांसाठी नव्हता. करांच्या आणि वेठबिगारीच्या ओझ्याला कंटाळून लोक बेट सोडून पळू लागले, तेव्हा १६२९ मध्ये दरबाराने परवानगीशिवाय बेट सोडायलाच बंदी केली. ती सुमारे दोनशे वर्षं टिकली. या बंदीच्या काळातच, १६५३ मध्ये, डच ईस्ट इंडिया कंपनीचं ‘स्पेर्वेर’ हे जहाज जेजूच्या किनाऱ्यावर फुटलं. त्यातून वाचलेल्या हेंड्रिक हामेल आणि त्याच्या साथीदारांनाही कोरियातून जाऊ दिलं गेलं नाही. हामेल आणि आणखी काहीजण तेरा वर्षांनी नावेतून जपानला निसटले. दक्षिण किनाऱ्यावर योंगमोरीच्या थरांच्या कातळापाशी आज त्याचं स्मारक आहे.

विसाव्या शतकाने किनाऱ्यावर सर्वांत खोल खुणा ठेवल्या. दहाव्या टप्प्यावर सोंगाक्सान ही टेकडी लागते. तिच्या समुद्राकडच्या कड्यात ओळीने गुहा दिसतात. त्या लाव्हाने केलेल्या नाहीत. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला, अमेरिकी सैन्य उतरेल या धास्तीने जपानी लष्कराने आत्मघाती नौका लपवण्यासाठी त्या बेटावरच्याच लोकांना राबवून खोदून घेतल्या. जवळच आल्तुरू विमानतळाची जुनी जागा आहे, १९३७ मध्ये इथूनच चीनमधल्या नानजिंगवर बॉम्ब टाकायला विमानं उडाली. शेतांमध्ये विमानं ठेवायचे काँक्रीटचे घुमट अजून आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला शेती चालते.

त्यानंतर १९४८. डाव्या बंडखोरांच्या ३ एप्रिलच्या उठावावरून ‘चार-तीन’ (चौथा महिना, तिसरा दिवस) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या वर्षांत, १७ ऑक्टोबरला लष्कराने फर्मान काढलं: किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या आत राहा, त्याच्या पलीकडे जो सापडेल तो शत्रू समजला जाईल. बेटाच्या पोटातली गावं जाळली गेली आणि माणसं किनाऱ्याकडे लोटली गेली. ज्या पट्ट्यात लोक आज सुट्टीत चालतात, तो तेव्हा जिवंत राहायची मुभा असलेला पट्टा होता. १९४७ ते १९५४ या काळात २५ ते ३० हजार माणसं मारली गेली, असा सरकारी चौकशीचा अंदाज आहे. बेटाच्या लोकसंख्येचा साधारण दहावा हिस्सा. कित्येक दशकं याविषयी उघड बोलण्याचीही सोय नव्हती. राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्योन यांनी सरकारतर्फे माफी मागितली ती २००३ मध्ये.

किनाऱ्यालगत असणं म्हणजे सुरक्षित असणं, असंही नव्हतं. अठराव्या टप्प्यावर, जेजू शहराच्या पूर्वेला, गोनुल-दोंग लागतं. गाव समुद्राला लागूनच होतं, तरी जानेवारी १९४९ मध्ये ते जाळलं गेलं आणि पुन्हा कधी वसलं नाही. घरांची जोती, गडगे आणि त्यांच्यामधले बोळ तेवढे उरले. मूळ अर्थाची ओल्ले पाहायची असेल तर ती इथे आहे, फक्त तिच्या टोकाला घर नाही.

माफीनंतर चार वर्षांनी वाटेचं काम सुरू झालं. सो म्योंग-सुक ही जेजूवरच्याच सोग्विपोत वाढलेली पत्रकार. सोलमधल्या एका राजकीय साप्ताहिकाची ती संपादक होती. थकून नोकरी सोडली आणि २००६ मध्ये स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रावाटेवर सुमारे ८०० किलोमीटर चालली. वाटेत भेटलेल्या एका ब्रिटिश बाईने सुचवलं, की आपापल्या देशी परत जाऊन प्रत्येकीने अशी वाट करावी. असं बोलणं प्रवासात होतच असतं आणि घरी पोचेपर्यंत विरतं. इथे ते विरलं नाही.

तिने आणि सोबत्यांनी जे केलं त्याला वाट बांधणं म्हणण्यापेक्षा वाट सांधणं म्हणावं. गाड्यांच्या रस्त्यांमुळे बुजलेले तुकडे शोधायचे, गावकऱ्यांशी, शेतमालकांशी बोलायचं, आणि जमेल तिथे डांबर टाळायचं. सातव्या टप्प्याचा एक तुकडा तर शेळ्यांच्या वाटेवरून आला. २००७ च्या डिसेंबरात किम सु-बोंग या कार्यकर्त्याने फावडं आणि कुदळ एवढ्यावर त्या उतारात पायऱ्या खोदल्या. आज तो तुकडा ‘सुबोंग-रो’ म्हणून ओळखला जातो. आठव्या टप्प्यावर दगड लावायला मरीन सैनिक आले. खुणांसाठी निळी आणि नारिंगी रिबन निवडली, निळा समुद्राचा आणि नारिंगी बेटावरच्या संत्र्यांचा. दिशा दाखवणारं घोड्याचं चिन्ह ‘गान्से’, म्हणजे बेटाच्या बोलीत आळशी. नाव मला फार आवडतं. टप्पा किती वेळात संपवला हे सांगणाऱ्यांनी ते वाटेवर अधूनमधून मोठ्याने म्हणावं.

नोव्हेंबर २०१२ मध्ये मुख्य वळशातला शेवटचा, एकविसावा टप्पा खुला झाला आणि बेटाचा वळसा पूर्ण झाला. त्याच वर्षी जपानच्या क्युशू बेटाने ‘ओल्ले’ हे नाव घेऊन आपल्या वाटा सुरू केल्या. पण २०१२ हे नुसतं सोहळ्याचं वर्ष नव्हतं. जुलैत पहिल्या टप्प्यावर एकटी चालणाऱ्या एका बाईचा खून झाला आणि तो टप्पा काही काळ बंद ठेवावा लागला. मार्चमध्ये गांगजोंग गावाजवळ नौदलाच्या तळासाठी गुरोम्बी या एकसंध लाव्हाच्या खडकात सुरुंग लावायला सुरुवात झाली होती. गावकऱ्यांनी बरीच वर्षं विरोध केला, अटका झाल्या. २०१६ मध्ये तळ सुरू झाला. सातवा टप्पा आता त्याला वळसा घालून जातो. मरीन सैनिकांनी दगड लावलेला आठव्या टप्प्याचा भागही दरडींच्या भीतीने बंद झाला आणि वाट आतल्या बाजूने वळवली गेली. त्यामुळे जुना नकाशा हातात असला तरी तिथे पाय रिबनीमागेच टाकावे लागतात.